ओसरीतली टोपली

परसातल्या पेरूखाली आजारी वानर येऊन पडलं, तसा शकुबाईचा संशय थेट शेजारच्या योगेशवर गेला. वानरांनी त्याच्या बगिच्याची नुकतीच नासधूस केली होती, आणि आता तोच सारखा कुंपणावरून डोकावत होता.

“काकू, कसं आहे वानर?”

“जित्तं आहे. तू कायले एवढी चौकशी करून राहिला?”

त्याने दिलेलं केळं तिने उकिरड्यावर भिरकावलं. दर शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाणारी बाई ती. वानराला असल्या माणसाच्या हातचं खाऊ देईल? कालपर्यंत हेच वानर धडधाकट होतं, तिने दिलेली संत्री सालासकट मटकावली होती. आज तोंडातून नुसती लाळ गळत होती. तरी ती एक संत्रं घेऊन त्याच्याजवळ बसली.

तेवढ्यात तिचे यजमान भगवंतराव शेतातून आले. तिच्या हातातलं संत्रं पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“कोनत्या टोपलीतलं हे?”

“ओसरीतल्या. कालबी त्यातलेच चारले.”

“अवं, ते बाजाराचे! परवाच किडीचं औषध मारलं त्यायले. आपल्या खायचे सैपाकघरात ठेवले ना!”

शकुबाईने संत्रं पदराआड लपवलं. कुंपणावरून योगेश पाहत होता.

“अन् बाकीच्या टोपल्या?” तिने हळूच विचारलं.

“त्या गेल्या सकाळीच, नागपूरच्या गाडीत.”