माफीचा व्हिडिओ

"समज देऊन सोडलं," क्षितिजने दारातच जाहीर केलं आणि बूट भिरकावले. "एक माफीचा व्हिडिओ टाकायचा, बस्स. चॅनल शाबूत!"

सुंठेवाचून खोकला गेला म्हणतात तो असा. मैत्रेयीने मात्र त्याचं अभिनंदन केलं नाही. तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती आणि फोनमध्ये पुण्याच्या बसचं तिकीट होतं.

"आता तरी जाऊ नकोस ना," तो म्हणाला.

"जाहिरातींच्या तक्रारी बघणाऱ्या समितीने सोडलं, क्षितिज. मी नाही सोडलेलं."

तिचा राग उगाच नव्हता. क्षितिज गेम खेळायचा आणि लाखो पोरं ते बघायची. त्या गेममध्ये पैसे भरून पेट्या उघडायच्या, आत सोनेरी बंदूक निघाली तर निघाली, नाहीतर पैसे गेले. क्षितिजची पेटी मात्र कधी रिकामी निघायचीच नाही. कशी निघेल? ते खातं कंपनीनेच त्याला भरून दिलं होतं, वर पैसेही दिले होते. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. बघणाऱ्यांत मैत्रेयीचा मावसभाऊ अर्णवही होता. नाशिकला शिकणाऱ्या त्या पोराने भावजींच्या भरवशावर कॉलेजची फी पेट्यांत घातली आणि तो वर्ष बुडवून घरी बसला. मावशी फोनवर नुसती रडली होती.

"मला काय हवंय ते सांगते," मैत्रेयी म्हणाली. "व्हिडिओत खरं बोल. पैसे घेतले म्हण, पेट्या खोट्या होत्या म्हण. आणि हे सगळं अप्पांना शेजारी बसवून बोल. त्यांच्यासमोर तुला खोटं बोलता येणार नाही. मग बघू तिकिटाचं."

क्षितिजचा चेहरा पडला. अप्पा म्हणजे त्याचे वडील, शरच्चंद्रराव. सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून उभी हयात घातली, पण ऑफिसच्या पेनाने घरचं पाकीटसुद्धा लिहिलं नाही, अशी त्यांची ख्याती. समितीची नोटीस आल्यापासून त्यांनी पोराशी बोलणंच टाकलं होतं. जेवायलाही वेगळे बसत. मैत्रेयीला या घरात आधार वाटायचा तो त्यांचाच.

ते तयार होतील असं तिला वाटलं नव्हतं. ती त्यांच्या खोलीत गेली, बोलली. अप्पांनी लोट्यातली कॉफी संपेपर्यंत विचार केला.

"सरी," ते म्हणाले. चाळीस वर्षं बेंगळुरात काढली की होकारसुद्धा कानडीत येतो. "पण उद्या सकाळी. उजेड चांगला असतो."

"मग तिकीट उद्यावर ढकलते," ती म्हणाली.

सकाळी ते बाहेर आले ते चक्क पिवळाधमक स्वेटर घालून, छातीवर दोन काळे पट्टे. जन्मभर पांढऱ्या बुशशर्टात वावरलेला माणूस! मैत्रेयी बघतच राहिली.

"डिसेंबर आहे बाई," अप्पा म्हणाले. "म्हातारपणी थंडी वाजते."

फोन तिनेच धरला. क्षितिज बोलायला लागला आणि खरंच, काही लपवलं नाही. पैसे घेतले, सांगितलं नाही, पेट्या कंपनीने भरल्या होत्या, माझ्यामुळे घरातल्याच एका पोराचं वर्ष गेलं. "यापुढे पैसे घेऊन काही दाखवलं तर पडद्यावर ठळक लिहीन," तो म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

अप्पांनी मांडीवरची उशी बाजूला केली आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवला. "नशिबाच्या मागे लागू नये, बाळ," ते म्हणाले. "नशीब नाही, नजर हवी."

तिने फोन खाली घेतला, डोळे पुसले.

"माझा हात आडवा आला का गं?" अप्पांनी विचारलं. "शेवटचं पुन्हा घेऊ."

"अप्पा, हे काय नाटक आहे?"

"नसेना का. काम करायचं तर नीट करायचं."

कितीतरी दिवसांनी ती हसली. इंजिनिअर माणूस, माफीसुद्धा मोजूनमापून मागणार! पुन्हा घेतलं.

व्हिडिओ तुफान चालला. क्षितिजपेक्षा अप्पांचंच कौतुक जास्त. असा बाप सगळ्यांना मिळो, अंकल तुम्हाला सलाम, स्वेटर कुठून घेतला, एक ना दोन. समितीने प्रकरण बंद केलं. अर्णवचा मेसेज आला, "ताई, भावजींना सांग, राग गेला. अप्पांचं वाक्य स्टेटसला ठेवलंय. माझ्या सगळ्या मित्रांनीही ठेवलंय." मैत्रेयीने तिकीट रद्द केलं, बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली. त्या रात्री अप्पा आणि क्षितिज एका टेबलावर जेवले. ती दोघांना वाढत होती आणि तिला मनापासून बरं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात वॉचमन देवाप्पा भलंमोठं खोकं घेऊन वर आला. "अक्का, पार्सल बंदिदे," म्हणत त्याने ते दारात ठेवलं.

क्षितिजचंच काहीतरी असणार म्हणून तिने सरळ सुरी घालून उघडलं. आत पिवळे स्वेटर होते, गठ्ठेच्या गठ्ठे. छातीवर दोन काळे पट्टे आणि पट्ट्यांच्या मधोमध ठसठशीत अक्षरं, 'नशीब नाही, नजर!' खाली बारीक अक्षरांत, 'नवा गेम आला. पहिली पेटी फुकट.'

तिने खोक्याचं झाकण उलटून नाव पाहिलं. क्षितिजचं नव्हतं.

अप्पा कॉफीचा लोटा घेऊन स्वयंपाकघरातून आले. त्यांनी एक स्वेटर उचलला, उजेडात धरला आणि शिवण नीट आहे ना ते पाहिलं.

"पुढच्या व्हिडिओत तूही बस, मैत्रेयी," ते म्हणाले. "रडणारी सून असेल तर दीडपट देतो म्हणालेत कंपनीवाले."