आडवा चमचा

अंकाऱ्यातल्या एका सरकारी कचेरीत इतका चहा पाजत, की माणूस पोहत घरी जाई आणि गाऱ्हाणं बुडून मरे. उइघुर पातेमबाईचा मुलगा चीनमध्ये छावणीत डांबलेला; गुन्हा एवढाच, की तो नमाज पढायचा. तुर्की सरकारनं चिनी राजदूताला त्याच्याबद्दल विचारावं, म्हणून ती तिथल्या साहेबांकडे आली होती. "विचारा ना, साहेब." "मावशी, तुम्ही उइघुर, आम्ही तुर्क, आपलं रक्त एकच. आधी चहा घ्या." "राजदूत आज तुमच्याकडेच जेवायला येताहेत. तेव्हा विचारा." "जेवताना असला विषय? पाहुण्याच्या घशात घास अडकेल. अजून चहा घ्या." पातेमबाईनं पेल्यावर चमचा आडवा ठेवला. पुरे, हा त्याचा अर्थ तिथलं शेंबडं पोरही जाणतं. साहेब चमच्याकडे पाहून हसले. "मग कॉफी मागवू?" "मागवा," ती म्हणाली, "पण तुमच्यासाठी, आणि उकळती. जीभ भाजली तर तुमच्या तोंडून आवाज तरी निघेल."