वडिवळ्याचं पहिलं पान

या मंडळी, असे पुढे सरकून बसा. टाळ जरा मांडीवर ठेवा. बुवांना यायला अवकाश आहे, तोवर एक गोष्ट ऐका. प्रसादासारखी आहे, तळहातावर मावेल एवढी.

वडिवळ्यात दत्तोबांच्या ओसरीवर लॅपटॉप उघडा होता. लोणावळ्याहून आलेला आदिनाथ वेबसाइटचं डिझाइन दाखवत होता. दत्तोबांची सून अनिता चहाचे कप घेऊन दारातच थांबली. धरणाकाठच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायचा हट्ट तिचाच. दत्तोबांनी तेव्हाच बजावलं होतं, "दिवाळीपातुर पावणं आलं तर आलं. न्हाईतर खोल्यांत भाताची पोती रचायची."

आता त्यांनी पडद्याकडे पाहून कपाळाला आठी घातली. "माणसं कुटं हायेत ह्यात? वर देव, खाली थोरलं बापू, मग चुलतं, मग पोरं. भावकीतला येक जरी फोटू ऱ्हायला, तर वरीसभर कुणी उंबऱ्याला पाय लावायचं न्हाई."

"आबा, हा फ्लेक्स नाही."

"फ्लेक्सच की! चौकात टांगायच्या ऐवजी मोबाइलात टांगायचा."

आदिनाथने वाद घातला नाही. तो मानाप्रमाणे एकेक फोटो लावू लागला. अनिता बघत होती. एवढ्या चेहऱ्यांमागे खोल्या कुणाला दिसणार? पण सासऱ्यापुढे बोलायचं कसं?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आज येणारे पाहुणे.

"व्हय, कामशेतवरनं सरळ या. नकाशा नका बगू, त्यो धरणाच्या भिंतीकडं न्हेतो. फाट्यावर पुतळाबाई करवंदं घेऊन बसल्यात, त्यास्नी इचारा… न्हाईत? बाजारला गेल्या असतील. थांबा, मी सांगती… हॅलो?"

ती ऐकत राहिली. मग फोन हळूच खाली ठेवला. "फिरलं माघारी. खंडाळ्याला हॉटेल घेत्यात म्हनं."

तिने चहाचे कप सगळ्यांपुढे ठेवले.

"वहिनी," आदिनाथ म्हणाला, "हे प्रत्येकाला सांगावं लागतं?"

"हरेकाला. पुतळाबाई जाग्यावर नसल्या, की पावणं गेलंच समजायचं."

"मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी रंग कंचा पायजे त्ये इचारलं, भाऊजी. रस्ता कुटं इचारलात?"

आदिनाथ हसला आणि त्याने कान पकडले. मग तो दत्तोबांकडे वळला. दत्तोबा गावच्या कीर्तनात वीणा धरणारे. "आबा, सेवेला बुवा अभंग किती घेतात?"

"येकच. समदं निरूपण त्याच येकाचं."

बोलता बोलता ते लॅपटॉपकडे वाकले. पडद्यावरची आपलीच माणसं बोटाने मोजू लागले. शेवटी चहाचा कप उचलत म्हणाले, "भावकीला मागलं पान द्या. रुसली तर मी हाय. म्होरं येकच, त्यो फाटा येऊ दे."

ऊन कलल्यावर तिघं फाट्यावर गेली. ठाकरवाडीच्या पुतळाबाई बाजारातून परतल्या होत्या. फोटो म्हटल्यावर त्यांनी पदर तोंडावर ओढला.

"माजं त्वांड कशापायी? तुमच्या भावकीत मी कुटं बसायची? रस्ताच दावायचा हाय न्हवं? मग ह्यो हात घ्या." त्यांनी उजव्या हाताने डावीकडची वाट दाखवली. "आन् नाव नगं घालू, बाबा. समदी नावानं हाका मारत्याल, मग करवंदं कवा इकू?"

आदिनाथने मोबाइल धरला. चौकटीत दत्तोबांचा खांदा येत होता. कुणी सांगायच्या आधीच ते दोन पावलं मागे सरले.

आता ते पान उघडलं, की लाल मातीची वाट दिसते, आणि हिरव्या बांगड्यांचा एक सुरकुतलेला हात. पाहुणे न चुकता अनिताच्या दारात उतरतात. दिवाळीत तर दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या.

पण त्या हाताचं नाव पानावर कुठेच नाही. म्हणून, मायबापहो, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी अनोळखी गावात नीट पोचलात, की एकदा पुतळाबाईंची आठवण काढा.