एक्केचाळीस नंबरचं इंजिन

सांगलीची नवरी. मिशिगनचा बर्फ. सन १९७०. शर्यतीचं इंजिन.

लाल गाडी विकत घ्यायला आलेल्या माणसाने मागच्या सीटखालून ऑर्डरचा जुना फॉर्म काढला. "असं इंजिन फार थोड्या गाड्यांना मिळालं," तो म्हणाला.

इंदुमती पन्नास वर्षं नवऱ्याला टोमणे मारत होती, "साधं इंजिन ठरलेलं, तुम्ही पेट्रोलचा राक्षस आणलात."

पण फॉर्मवर अक्षर तिचंच होतं. साध्या इंजिनाचा नंबर तिने सवयीने मराठीत लिहिला होता: ४१. अमेरिकनांनी तो 89 वाचला आणि त्या नंबरचं शर्यतीचं इंजिन बसवलं.

"अहो, बोलला का नाहीत?" तिने शेजारी उभ्या नवऱ्याला विचारलं.

"पहिल्याच फेरीपासून ही गाडी चालवताना तू गायचीस. बोललो असतो, तर परत करायला लावली असतीस."

"विकायची नाही," ती त्या माणसाला म्हणाली.

गाडी आली त्या दिवशी विक्रेता ती बदलून द्यायला तयार होता; नवऱ्यानेच नको म्हणून फॉर्म सीटखाली सरकवला होता.