दाणेकाका

राजाच्या चारशे वर्षांपूर्वीच्या पत्राला ओल लागू नये, म्हणून संग्रहालयातले दाणेकाका एकतीस वर्षं डोळ्यात तेल घालून बसले. काचपेटीतले सिलिका जेलचे निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले, की ते भट्टीत तापवायचे, निळे झाले की परत ठेवायचे. पत्राची शाईसुद्धा हलली नाही.

निवृत्तीच्या दिवशी पाय ओढत ते तळघरातल्या कार्यालयात गेले. कारकूनबाईंनी पाझरत्या भिंतीलगतच्या कपाटातून त्यांचं सेवापुस्तक ओढून काढलं. पानं एकमेकांना चिकटलेली, अक्षरं बुरशीनं खाल्लेली.

“काका, यातलं अक्षर लागत नाही हो. सगळं नव्यानं लिहावं लागेल. सांगा, तुम्ही इथे नेमकं काय काम करायचात?”

 

“कागदाला ओल लागू द्यायची नाही,” काका म्हणाले, “एवढंच.”