शिरोड्याचं मीठ

"वाढा, वाढा!" मामलेदार रावसाहेबांनी लिंबाच्या लोणच्याकडं तिसऱ्यांदा बोट दाखवलं, आणि त्यांच्याच कचेरीतला कारकून कमलाकर मनातल्या मनात पेढे वाटू लागला. साहेब आवळीभोजनाला सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्याच्या घरी आले काय, परसातल्या आवळीखाली मांडी ठोकून बसले काय! आता बढती कुठं जाते?

कार्तिकातलं ऊन कोवळं होतं. पानात सगळं परसातलंच होतं. दुधीची भाजी, काकडीची कोशिंबीर, आईनं घातलेला मोरावळा. लोणचं मात्र त्याच्या बायकोच्या, प्रभाच्या हातचं.

"काय मुरलंय हो हे! जिभेवर ठेवलं की विरतंय," रावसाहेब म्हणाले. "वहिनी, यात घातलंत तरी काय?"

वाढता वाढता प्रभा थांबली.

"सांग की गं, लाजतेस काय?" सासू रुक्मिणीबाई कौतुकानं म्हणाल्या.

"लिंबं परसातली," प्रभा म्हणाली. "मीठ शिरोड्याचं. सत्याग्रहातलं. माझ्या भावानं पोलिसांच्या काठ्या खात गोळा केलं. पुडी माझ्याकडं पोचली, तो तुरुंगात पोचला."

अरे देवा! मार्शल लॉ उठला होता, तरी सोलापुरात अजून कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. नुसती गांधी टोपी घातली म्हणून माणसं आत गेली होती. आणि इथं खुद्द सरकारच्या मामलेदाराला सरकारनं बंदी घातलेलं मीठ, तेही आग्रह करकरून! नोकरी गेली, संपलं. काय करावं ते कमलाकरला सुचेना. त्यानं शेजारच्या पानात हात घातला, रावसाहेबांच्या पुढ्यातली लिंबाची फोड उचलली, तोंडात टाकली आणि बीसकट गिळली.

"अरे मेल्या, उष्टा हात!" रुक्मिणीबाई ओरडल्याच. पाहुण्याच्या पानात उष्टा हात! अशानं माणूस पानावरून उठतो आणि जन्मात पुन्हा उंबऱ्याला पाय लावत नाही. प्रभाच्या हातातला चमचा खाली पडला.

रावसाहेब कमलाकरकडं बघतच राहिले. मग पानाकडं. पानात नुसता खार उरला होता.

प्रभा भानावर आली आणि नवं पान आणायला वळली.

"पान राहू द्या, वहिनी." रावसाहेबांचा आवाज एकदम खाली आला होता. "लोणचंच वाढा."

तिनं वाढलं. त्यांनी फोड मोडली, पण तोंडात घातली नाही.

"कमलाकरपंत," ते हळूच म्हणाले, "आमच्या बरणीत मीठ कुठलं, हे मी बायकोला अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ती खरं सांगेल."