भिंतीवरचं हरीण

"अहो, पायरी आहे. आणि आत गेल्यावर मोठ्याने बोलू नका, लोक हसतील."

"हसू देत. मला कुठे दिसणार आहेत?"

बायकोने त्याचा दंड घट्ट धरला आणि दोघं दालनात शिरली. पायांना मऊ गालिचा लागला. कुठेतरी यंत्रांची बारीक घरघर चालू होती.

आयुष्यभर तो डोंगरातल्या गुहा दाखवत आला होता. माणसांना भिंतींवरच्या जुन्या चित्रांपाशी न्यायचं आणि गोष्ट सांगायची. पुढे माणसांच्या श्वासांनी रंग उडायला लागले, म्हणून गुहा कायमच्या बंद झाल्या. त्याच सुमारास त्याचे डोळेही गेले. आता शहरातल्या या दालनात तीच चित्रं प्रोजेक्टरने चारी भिंतींवर, छतावर, जमिनीवर दाखवत. बघणारा म्हणे चित्राच्या पोटातच उभा असतो.

रोज सकाळी अंथरुणातच, जप करावा तसा, तो मनातल्या मनात गुहेची एक फेरी मारायचा. पण परवा तो चित्रांचं वर्णन सांगत असताना मुलगा म्हणाला, "बाबा, मागे तर हत्ती उजवीकडे होते. आज डावीकडे कसे गेले?" मुलगा थट्टेने म्हणाला, याच्या मनातून मात्र ते जाईना. डोळे गेले ते त्याने सोसलं होतं. आतली चित्रंही पुसली गेली, तर राहिलं काय?

म्हणून तर आज तो आला होता.

"मी सांगत जातो, तू भिंतीकडे बघ," त्याने बजावलं. "चुकलो तर चुकलो म्हण. उगाच माझं मन राखायला हो हो करायचं नाही."

"मी कधी करते?"

"लग्न झाल्यापासून करतेयस."

ती हसली. तेवढ्यात घरघर थांबली. चहूकडून "अगंबाई!" असा आवाज उठला, कुजबुज झाली. जवळच एक मूल रडायला लागलं.

"सुरू झालं का गं?"

बायको जरा थांबली. मग म्हणाली, "हं. बोला तुम्ही."

त्या रडण्याने त्याच्या तोंडून जुनं वाक्य आपसूक निघालं. उन्हातून गुहेत शिरणाऱ्यांना तो पहिल्यांदा तेच सांगायचा. "घाबरायचं नाही हं. आधी काहीच दिसत नाही. घाई करायची नाही. चित्रं आपणहून पुढे येतात."

रडं थांबलं.

"डाव्या हाताला हरीण आहे. मागचा पाय उचललेला. ते धावतंय की थबकलंय, यावर लोक भांडायचे. मला विचाराल तर थबकलंय. पिल्लू मागे राहिलंय ना त्याचं." मग हळूच, "आहे का गं तिथे?"

"आहे. अगदी तसंच."

"पिल्लू कुठंय?" मघाशी रडणाऱ्या मुलाने विचारलं.

"खाली, गवतात. नुसते कान वर आलेत बघ."

"दिसले!" मूल ओरडलं. कुणीतरी हसलं. माणसं सरकत सरकत त्याच्या जवळ आली. एका हाताने त्याची बाही धरली.

हत्तींपाशी त्याची जीभ अडली. डावीकडे? की उजवीकडे? त्याने बायकोची बोटं चाचपली.

"उजवीकडे," ती कानाशी पुटपुटली. "तुम्ही नेहमी सांगायचात तिथेच."

"उजवीकडे हत्ती, पाण्यात उतरताहेत," तो ठामपणे म्हणाला. "धाकट्याने आईची शेपटी धरलीय. पाण्याला भितो तो."

"अगदी अंगावर आले हो!" एक बाई म्हणाली.

"आणि ही शेवटची भिंत. एक बाई वेणी घालतेय. तिची पाठ आपल्याकडे आहे, तोंड कुणालाच कधी दिसलं नाही. पण ती हसतेय. एवढ्या वर्षांत तेवढं मला कळलंय."

बाही धरलेला हात आणखी जवळ सरकला.

"चुकलो का कुठे?"

"एकदासुद्धा नाही."

"मग आवाज का असा झाला तुझा?"

"काही नाही. चित्रं फार सुंदर आहेत हो."

त्याने खोल, निवांत श्वास सोडला. इतक्यात दाराशी धावती पावलं वाजली आणि व्यवस्थापकाचा धाप लागलेला आवाज आला.

"माफ करा मंडळी, फार वेळ काळोखात उभं राहावं लागलं तुम्हाला. वीज आली की लगेच पहिलं चित्र लावतो."